जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी: फोटो संपादनासाठी डिस्क बदलण्याची संपूर्ण पद्धत

लग्नाच्या एका दिवसात दोन हजार रॉ फाइल (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल) सहज जमा होतात. रात्री त्यांची निवड करायला बसावे, तर पुढच्या फोटोवर गेल्यावर तो आधी धूसर दिसतो, खाली ‘लोडिंग’ अशी अक्षरे येतात आणि दोन-तीन सेकंदांनी चित्र स्वच्छ होते. प्रत्येक फोटोमागे तीन सेकंद धरले, तरी दोन हजार फोटोंसाठी एक तास चाळीस मिनिटे केवळ वाट पाहण्यात जातात, आणि या वेळात डोळे, मान आणि लक्ष या तिन्हींवर ताण येतो तो वेगळाच. हा वेळ वाचवण्यासाठी नवा लॅपटॉप घेतलाच पाहिजे असे नाही. पुष्कळदा आत बसलेली फिरती हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली चिपची डिस्क, बसवली की हा अडथळा दूर होतो. मात्र हे काम घाईने केले तर जुने फोटो गमावण्याचा धोका खरा आहे. म्हणून ते कोणत्या क्रमाने आणि कोणती काळजी घेऊन करावे, हे येथे सविस्तर मांडले आहे.

उदाहरणासाठी मी लेनोवोचा थिंकपॅड टी४३० घेतला आहे. २०१२ सालचे हे मॉडेल कार्यालयांतून मोठ्या संख्येने जुन्या बाजारात आले आणि कमी भांडवलात काम सुरू करणाऱ्या अनेक छायाचित्रकारांच्या हाती पडले. माझ्याही हाती तो तसाच आला आणि माझी बरीच वर्षांची कामे त्याच्यावर झाली आहेत. तुमचा लॅपटॉप दुसऱ्या कंपनीचा असला, तरी त्यात अडीच इंची साटा डिस्क (साटा ही डिस्क जोडण्याची एक पद्धत) असेल तर पुढची बहुतेक पद्धत जशीच्या तशी लागू पडते. फक्त झाकण उघडण्याची रीत बदलते.

आधी पाहावे: वाट नेमकी कशासाठी पाहावी लागते?

एसएसडी बसवल्यावर सगळेच वेगाने होईल अशी अपेक्षा ठेवून पैसे खर्च करणाऱ्यांची पुढे निराशा होते. म्हणून खरेदीच्या आधी अर्धा तास स्वतःच्या कामाचे निरीक्षण करण्यात घालवावा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ या भागात जावे आणि ती खिडकी एका बाजूला ठेवून नेहमीचे काम सुरू करावे. कार्डावरून फोटो आयात करताना, प्रिव्ह्यू (फोटो पटकन दाखवण्यासाठीच्या छोट्या प्रती) तयार होताना, एका फोटोवरून दुसऱ्यावर जाताना, एक्स्पोजरची पट्टी सरकवताना आणि शेवटी जेपेग निर्यात करताना डिस्क आणि सीपीयू यांच्या आकड्यांकडे लक्ष ठेवावे.

डिस्कची सक्रियता शंभर टक्क्यांवर आणि सीपीयू तीस-चाळीस टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर अडथळा डिस्कचा आहे. याउलट सीपीयू शंभराला टेकलेला आणि डिस्क जवळपास मोकळी असेल, तर एसएसडीने त्या कामात फारसा फरक पडणार नाही. फोटो बदलणे, फोल्डर उघडणे, कॅटलॉगमध्ये (संपादनाच्या प्रोग्रॅमने ठेवलेल्या फोटोंच्या नोंदींत) शोध घेणे, प्रोग्रॅम आणि विंडोज सुरू होणे ही कामे डिस्कवर अवलंबून असतात. पट्टी सरकवल्यावर चित्रात बदल दिसणे, नॉइज कमी करणे, पॅनोरमा जोडणे आणि निर्यात ही कामे मुख्यतः प्रोसेसरची असतात. टी४३० मधला आय५-३३२०एम हा दोन गाभ्यांचा (कोअरचा) प्रोसेसर निर्यातीला जितका वेळ घेत होता, तितकाच एसएसडीनंतरही घेतो.

तिसरी शक्यता मेमरीची. रॅम ४ जीबी असेल, तर विंडोज जागा पुरेनाशी झाल्यावर मेमरीतला मजकूर डिस्कवर टाकत राहते आणि डिस्क शंभर टक्के व्यस्त दिसते, पण मूळ दुखणे रॅमचे असते. टी४३० मध्ये रॅमचे दोन खाचे असून डीडीआर३ जातीची एकूण १६ जीबी रॅम बसते. माझ्या मते निदान ८ जीबी रॅम असल्याखेरीज केवळ डिस्क बदलणे हे अर्धवट काम आहे. एसएसडीमुळे त्रास झाकला जातो, पण जात नाही.

फिरती डिस्क इतकी मागे का पडते

हार्ड डिस्कमध्ये चकती फिरत असते आणि वाचणारे टोक तिच्यावर आत-बाहेर सरकते. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी साधारण ८.३ मिलिसेकंदांची, म्हणजे हवा असलेला भाग टोकाखाली येण्यासाठी सरासरी ४.२ मिलिसेकंद जातात. टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ त्यात मिळवला की प्रत्येक वेगळ्या ठिकाणच्या वाचनाला पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात आणि सेकंदाला अशी साठ-सत्तर वाचनेच होऊ शकतात. एसएसडीमध्ये फिरणारा कोणताही भाग नसल्याने हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होते.

हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण लाइटरूमसारखा फोटो संपादनाचा प्रोग्रॅम एकच मोठी फाइल सलग वाचत बसत नाही. एका बाजूने तो कॅटलॉगमधल्या नोंदी पाहतो, दुसरीकडे प्रिव्ह्यूच्या हजारो छोट्या फाइल चाळतो, तिसरीकडे रॉ फाइल उचलतो आणि त्याच वेळी विंडोज व अँटिव्हायरसही त्याच चकतीवर आपापले काम करत असतात. अशा विखुरलेल्या वाचनात फिरती डिस्क पुरती दमते. जाहिरातींत दिसणारे सलग वाचनाचे मोठे आकडे म्हणूनच आपल्या कामाच्या दृष्टीने दुय्यम ठरतात.

कोणती एसएसडी घ्यावी

दुकानात किंवा ऑनलाइन ‘एसएसडी’ म्हणून तीन वेगवेगळ्या आकारांच्या वस्तू मिळतात. जुन्या लॅपटॉपच्या मुख्य कप्प्यात बसते ती अडीच इंची, साटा जोडणीची, ७ मिलिमीटर जाडीची चपटी डबी. च्युइंगगमच्या पट्टीसारखी लांबट दिसते ती एम.२, आणि तिला टी४३० मध्ये जागाच नाही. तिसरी आखूड पट्टी एमसाटा नावाची. टी४३० मध्ये मोबाइल नेटवर्कच्या कार्डासाठी असलेल्या खाचेत ती बसते, पण त्या खाचेचा वेग साटाच्या दुसऱ्या पिढीचा, सेकंदाला ३ गिगाबिटचा आहे, तर मुख्य कप्प्याचा ६ गिगाबिटचा. व्यवहारात पहिल्यात सेकंदाला साधारण २७० एमबी आणि दुसऱ्यात साधारण ५५० एमबी एवढी मजल जाते. तुमचा लॅपटॉप याहूनही जुना असला आणि त्याच्या मुख्य कप्प्यालाच दुसऱ्या पिढीची साटा जोडणी असली, तरी नाउमेद होऊ नये. वर सांगितलेल्या विखुरलेल्या वाचनातला फायदा त्यातही जवळपास पूर्ण मिळतो.

क्षमतेचा हिशेब स्वतःच्या कामावरून मांडावा. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते, म्हणजे अडीच हजार फोटोंचे एक लग्न ७५ जीबीपर्यंत जाते. विंडोज, प्रोग्रॅम, कॅटलॉग आणि प्रिव्ह्यू मिळून दीडशे जीबी सहज लागतात, आणि एसएसडीचा पंधरा-वीस टक्के भाग मोकळा ठेवणे चांगले, कारण ती काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग घसरतो. ५०० जीबीमध्ये चालू असलेली दोन-तीन कामे मावतात. १ टीबीमध्ये हंगामभराची कामे बऱ्यापैकी सुटसुटीत राहतात. २५० जीबी घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. सहा महिन्यांत फोटो इकडून तिकडे हलवत बसण्याची वेळ येते आणि अशा हलवाहलवीतच फाइल हरवतात.

गुणवत्तेबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आतल्या पेशींचा प्रकार. टीएलसी प्रकारच्या एसएसडी फोटोंच्या कामाला उत्तम चालतात. क्यूएलसी प्रकारात मोठी आयात करताना सुरुवातीचा वेग संपला की पुढे लिहिणे बरेच मंदावते. दुसरी, नोंदवहीसारखे काम करणारी स्वतंत्र डीरॅम, म्हणजे एसएसडीच्या आतली छोटी वेगवान मेमरी. ती असेल तर डिस्क भरत आल्यावरही वेग बराच टिकतो. सॅमसंगची ८७० इव्हो किंवा क्रूशियलची एमएक्स५०० या दोन्ही टीएलसी आणि डीरॅम असलेल्या साटा एसएसडी आहेत आणि दोन्हींना पाच वर्षांची हमी आहे. एसएसडी लिहून-लिहून झिजते ही भीती अनेकांना वाटते, तिचाही हिशेब करून पाहावा. ८७० इव्होच्या १ टीबी आवृत्तीला कंपनीने ६०० टीबी लेखनाची मर्यादा दिली आहे. रोज न चुकता १०० जीबी लिहिले तरी ती गाठायला सोळा वर्षे लागतील.

फारच स्वस्त आणि नाव न ऐकलेल्या डिस्कबाबत मात्र सावध राहावे. डबीवर १ टीबी लिहिलेले, विंडोजमध्येही १ टीबी दिसणारे, पण आत प्रत्यक्षात थोडीशीच जागा असणारे बनावट माल बाजारात आहेत. जागा संपल्यावर असा माल जुन्या फाइलवरच नव्या लिहितो आणि कोणतीही सूचना देत नाही. त्यामुळे एसएसडी कोणतीही असो, ती कामाला लावण्याआधी ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ या मोफत प्रोग्रॅमने पूर्ण भरून आणि परत वाचून तपासावी. एकदाच लागणारे हे दोन-तीन तास पुढची पाच वर्षे मनाला स्वस्थता देतात.

एसएसडीबरोबर साटा-यूएसबी केबल किंवा अडीच इंची केसही घ्यावी. क्लोन करताना, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवताना, ती लागते आणि नंतर जुन्या डिस्कला घर म्हणून कामी येते. ती यूएसबी ३ ची असावी आणि लॅपटॉपच्या निळ्या पोर्टमध्ये लावावी. यूएसबी २ च्या पोर्टमधून सेकंदाला पस्तीस एमबीच्या वेगाने ४०० जीबी हलवायला तीन तासांहून अधिक लागतात. यूएसबी ३ मध्ये जुन्या डिस्कचाच वेग आड येत असल्याने तेच काम दीड तासाच्या आत-बाहेर होते.

जुन्या डिस्कची प्रकृती आणि बॅकअप

या टप्प्यावर मी जाणीवपूर्वक जास्त थांबणार आहे, कारण माझे स्वतःचे नुकसान येथेच झाले. काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या साखरपुड्याचे फोटो लॅपटॉपवर उतरवून मी कार्डे पुढच्या कामासाठी फॉरमॅट केली आणि दुसऱ्याच दिवशी नव्या एसएसडीवर क्लोन करायला घेतले. साठ टक्क्यांच्या पुढे आकडा हलेना. लॅपटॉपला कान लावला तेव्हा आतून ठरावीक अंतराने बारीक ‘टक्, टक्’ असा आवाज येत होता. वाचणारे टोक एकाच जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होते. क्लोन थांबवून डिस्कची प्रकृती पाहिली, तर तिच्यावर वाचता न येणारे भाग तयार झालेले होते. बाकीचे फोटो मी महत्त्वाच्या क्रमाने कॉपी करून वाचवले, पण ओटी भरण्याच्या वेळचे काही फोटो उघडले ते अर्धे चित्र आणि अर्धी करडी पट्टी अशा अवस्थेत. ते फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते.

म्हणून क्लोनला हात लावण्यापूर्वी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम उघडावा. निळ्या चौकोनात ‘गुड’ दिसले तरी तेवढ्यावर समाधान मानू नये. खालच्या यादीतल्या ०५ आणि सी५ या क्रमांकांच्या ओळी पाहाव्यात. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदली केलेले भाग आणि सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाच्या प्रतीक्षेत असलेले भाग. या ओळींच्या शेवटचा आकडा पूर्ण शून्य असावा. सी५ मध्ये शून्याहून काहीही अधिक दिसले तर क्लोनचा विचार त्या क्षणी सोडून द्यावा, आधी फोटो आणि कॅटलॉग बाहेरच्या डिस्कवर कॉपी करावेत आणि एसएसडीवर विंडोज नव्याने टाकावी. डिस्क फारच अडखळत असेल, तर लिनक्सवरचे ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन नीट वाचता येणारा भाग आधी उचलते आणि अडलेला भाग शेवटी घेते. ते वापरता येत नसेल तर जाणकाराकडे जावे, पण डिस्क पुन्हा पुन्हा चालू-बंद करत राहू नये.

डिस्क धडधाकट असली तरी बॅकअप घ्यावाच. क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे, कारण क्लोन करताना मूळ आणि लक्ष्य या दोन डिस्कची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उमटते. तिसऱ्या, स्वतंत्र डिस्कवर फोटोंचे फोल्डर, लाइटरूमचा कॅटलॉग असलेले संपूर्ण फोल्डर, प्रिसेट, प्रिंटरचे आणि मॉनिटरचे रंग-प्रोफाइल आणि ब्राउझरमधले पासवर्ड कॉपी करून ठेवावेत. कॉपी झाल्यावर वेगवेगळ्या फोल्डरांतले वीस-पंचवीस फोटो प्रत्यक्ष उघडून पाहावेत. फोल्डरांचा आकार जुळतो म्हणजे आतले फोटो शाबूत आहेत, असे समजू नये.

डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे एन्क्रिप्शन) चालू असेल तर ते क्लोनच्या आधी पूर्ण बंद करून डिस्कवरचे एन्क्रिप्शन काढून घ्यावे आणि त्याची पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर लिहून ठेवावी. एडोबीच्या खात्यातून साइन आउट करणेही सोयीचे असते, कारण तिथे एका वेळी दोनच संगणक सक्रिय राहू शकतात.

क्लोन करावा की विंडोज नव्याने टाकावी

क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, त्यामुळे प्रोग्रॅम, प्लगइन आणि सगळी मांडणी जशीच्या तशी राहते. नव्याने विंडोज टाकली तर वर्षानुवर्षांचा कचरा जातो, पण सगळे पुन्हा बसवण्यात एक-दोन दिवस मोडतात. विंडोज १० ची डिजिटल परवानगी मदरबोर्डशी जोडलेली असल्याने डिस्क बदलली तरी विंडोज पुन्हा सक्रिय होते, त्यामुळे त्या कारणासाठी नव्याने टाकणे टाळण्याची गरज नाही. लग्नाचा हंगाम चालू असेल आणि डिस्क निरोगी असेल तर क्लोन करावा. पावसाळ्यातला मोकळा काळ असेल, किंवा विंडोज अनेक वर्षे जुनी होऊन अडखळत असेल, तर नव्याने टाकावी, असे माझे मत आहे.

येथे एक वस्तुस्थिती लक्षात घ्यावी लागते. विंडोज १० चे नियमित सुरक्षा अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि टी४३० मधला तिसऱ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. म्हणून अशा लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार आणि ईमेल शक्यतो करू नयेत, तो संपादनापुरता ठेवावा. संपादनाच्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्याही इतक्या जुन्या प्रोसेसरवर चालतीलच असे नाही, त्यामुळे जी आवृत्ती नीट चालते आहे तिचे स्वयंचलित अद्यतन बंद करूनच पुढे जावे. लिनक्स आणि त्यावर डार्कटेबल किंवा रॉथेरपी हे फोटो संपादनाचे मोफत प्रोग्रॅम हा दुसरा रास्त मार्ग आहे, आणि रिकामी एसएसडी हातात असताना तो आजमावणे सोपे असते.

क्लोनसाठी एसएसडी बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा प्रोग्रॅम मिळत असेल तर तो वापरावा. सॅमसंग आपल्या एसएसडींसाठी तो मोफत देते. अन्यथा पेनड्राइव्हवरून चालणारे क्लोनझिला भरवशाचे आहे, मात्र त्याच्या पडद्यावर केवळ अक्षरे असतात आणि सरळ वापरात नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते. काम सुरू करण्यापूर्वी लॅपटॉपची बॅटरी पूर्ण चार्ज असावी आणि चार्जरही जोडलेला असावा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी क्लोन तुटत नाही. बॅटरी पूर्ण बसलेली असेल तर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या प्लगमध्ये चार्जर लावावा. मूळ डिस्क आणि लक्ष्य डिस्क निवडताना ‘पहिली’, ‘दुसरी’ अशा क्रमावर विसंबू नये. डिस्कचे मॉडेल आणि क्षमता कागदावर लिहून घेऊन पडद्यावरच्या अक्षरांशी ती ताडून पाहावी. क्लोनझिला पुढे जाण्यापूर्वी दोनदा खात्री विचारते, त्या दोन्ही वेळा कागद समोर धरावा.

क्लोन करताना आणखी एक अडचण हमखास येते. नवी डिस्क मोठी असते, पण क्लोननंतर सी ड्राइव्ह जुन्याच आकाराचा राहतो आणि उरलेली जागा डिस्क मॅनेजमेंटमध्ये काळ्या पट्टीने दिसते. ‘एक्सटेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय मात्र पुसट असतो, कारण सी ड्राइव्ह आणि मोकळी जागा यांच्या मध्ये विंडोजचा रिकव्हरी विभाग येऊन बसलेला असतो. क्लोनच्या प्रोग्रॅममध्ये विभागांचे आकार आधीच बदलता येत असतील तर तिथेच सी ड्राइव्ह ताणून घ्यावा. राहून गेले तर विभाग सरकवणारा एखादा मोफत प्रोग्रॅम वापरून रिकव्हरी विभाग शेवटी न्यावा आणि मग सी वाढवावा. हे काम बॅकअप हाती असतानाच करावे.

डिस्क काढणे आणि बसवणे

प्रत्यक्ष डिस्क बदलायला दहा मिनिटे लागतात. लॅपटॉप पूर्ण बंद करावा, नुसता ‘स्लीप’मध्ये नसावा. चार्जर काढावा आणि टी४३० मध्ये मागची खिट्टी सरकवून बॅटरीही बाहेर काढावी. बॅटरी आतच बसवलेली असते अशा नंतरच्या थिंकपॅडमध्ये बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ मांडणीच्या पडद्यावर) जाऊन ती तात्पुरती बंद करण्याची सोय असते, ती वापरावी. मग चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. डिसेंबर-जानेवारीत पठारावरच्या कोरड्या हवेत स्वेटर काढताना ठिणग्या जाणवतात, तोच स्थिर विद्युतभार डिस्कच्या सर्किटला घातक ठरू शकतो. अशा दिवसांत लोकरीचे कपडे घालून किंवा गालिच्यावर बसून हे काम करू नये, आणि डिस्कला हात लावण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा. कोकणातल्या पावसाळ्यात ही चिंता कमी असते, पण तिथे हात आणि टेबल कोरडे आहेत याची खात्री करावी.

लॅपटॉप मऊ कापडावर पालथा ठेवला की तळाला डिस्कच्या झाकणाचा एकच स्क्रू दिसतो. त्यासाठी योग्य मापाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घ्यावा, कारण लहान टोकाने फिरवला की स्क्रूच्या खाचा झिजतात आणि मग तो निघता निघत नाही. स्क्रू सैल झाला की झाकण कडेला सरकते आणि आत डिस्कची पट्टी दिसते. ती पट्टी धरून डिस्क सरळ रेषेत बाहेर ओढावी, वर उचलू नये, कारण तिचे बावीस टाचण्यांचे कनेक्टर आडवे बसलेले असते. डिस्कच्या दोन्ही कडांना काळ्या रबरी पट्ट्या असतात. त्या काढून एसएसडीला त्याच दिशेने चढवाव्यात. या पट्ट्या विसरल्या तर एसएसडी कप्प्यात हलते आणि लॅपटॉप पिशवीतून नेताना कनेक्टर सैल होतो. ७ मिलिमीटरची एसएसडी जाड डिस्कच्या जागी घालताना पोकळी उरत असेल, तर काही एसएसडींबरोबर मिळणारी प्लॅस्टिकची चौकट चिकटवावी. एसएसडी सोनेरी टोकांच्या बाजूने आत सरकवून अंगठ्याने हलकेच दाबावी. ती बसल्याचे बोटांना कळते. जोर लावावा लागत असेल तर ती उलटी धरलेली आहे असे समजून पुन्हा पाहावे.

पहिली सुरुवात

पहिल्यांदा लॅपटॉप चालू करताना जुनी डिस्क यूएसबीलाही जोडलेली नसावी. दोन्ही डिस्कची ओळख-सही एकच असल्याने विंडोजचा गोंधळ उडतो, त्यातली एक ती ऑफलाइन करून टाकते किंवा ड्राइव्हची अक्षरे बदलते. थिंकपॅडवर सुरुवातीला एफ१ दाबून बायॉसमध्ये जावे, नवी डिस्क दिसते का आणि साटा कंट्रोलर ‘एएचसीआय’ या (साटा डिस्कसाठीच्या आधुनिक) स्थितीत आहे का ते पाहावे. तो ‘कम्पॅटिबिलिटी’वर असेल तर एकदम बदलू नये, कारण त्या स्थितीत बसवलेली विंडोज मग निळा पडदा दाखवते. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये (अत्यावश्यक भागांसह चालणाऱ्या स्थितीत) सुरू होण्याची सूचना द्यावी, मग बायॉसमध्ये बदल करावा आणि सेफ मोडमधून नेहमीच्या सुरुवातीवर परत यावे.

विंडोज सुरू झाल्यावर ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ उघडून डिस्कच्या प्रकारापुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलेले आहे याची खात्री करावी. तसे असेल तर विंडोज ठरावीक काळाने तिथे ट्रिम चालवते, म्हणजे पुसलेल्या फाइलची जागा एसएसडीला मोकळी करून देते. जुन्या सवयीने बाहेरच्या प्रोग्रॅमने डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइल सलग लावणे) करू नये. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘साटा ६००’ असे दिसले की जोडणी पूर्ण वेगाने झालेली आहे.

लाइटरूमची नव्याने मांडणी

डिस्क बदलल्यावरचा खरा लाभ पदरात पाडून घ्यायचा तर प्रोग्रॅमच्या मांडणीकडेही लक्ष द्यावे लागते. लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग आणि त्याचे प्रिव्ह्यू एकाच फोल्डरात राहतात, आणि ते फोल्डर एसएसडीवर असणे हे मूळ फोटो एसएसडीवर असण्याहूनही महत्त्वाचे आहे. ते बाहेरच्या डिस्कवर असेल तर लाइटरूम बंद करून संपूर्ण फोल्डर एसएसडीवर कॉपी करावे आणि नव्या जागेवरची कॅटलॉग फाइल उघडावी. सगळे नीट दिसल्यावर जुन्या फोल्डरचे नाव बदलून ठेवावे, म्हणजे चुकून जुन्या कॅटलॉगमध्ये काम होत नाही.

प्रेफरन्सेसमधल्या ‘परफॉर्मन्स’ भागात कॅमेरा रॉ कॅशेची (उघडलेल्या रॉ फाइलच्या तात्पुरत्या साठ्याची) मर्यादा ५ जीबी असते, ती वीस-तीस जीबीपर्यंत वाढवावी. नुकतेच पाहिलेले फोटो परत उघडताना याचा फायदा स्पष्ट जाणवतो. स्टँडर्ड प्रिव्ह्यूचा आकार पडद्याइतकाच ठेवावा. टी४३० चा पडदा १३६६ किंवा १६०० पिक्सेल रुंदीचा असताना त्याहून मोठे प्रिव्ह्यू बनवणे म्हणजे जागा आणि वेळ दोन्ही वाया घालवणे होय. १:१ (पूर्ण आकाराचे) प्रिव्ह्यू ज्या कामाची निवड करायची आहे त्यापुरते रात्री बनवायला लावावेत आणि तीस दिवसांनी आपोआप काढून टाकण्याची सोय चालू ठेवावी. नुसत्या पहिल्या निवडीसाठी आयात करताना ‘एम्बेडेड अँड साइडकार’ हा पर्याय घेतला, तर कॅमेऱ्याने रॉ फाइलमध्ये ठेवलेले जेपेगच दाखवले जाते आणि प्रोसेसरला काहीच कष्ट पडत नाहीत.

प्रोसेसर जुना असल्यामुळे पट्टी सरकवताना होणारा उशीर एसएसडीने जात नाही, असे वर म्हटले आहे. त्यावर लाइटरूममध्येच एक चांगला उतारा आहे. स्मार्ट प्रिव्ह्यू ही लांब बाजू २५६० पिक्सेल असलेली रॉ फाइलची हलकी प्रत असते. त्या बनवून घ्याव्यात आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये मूळ फाइलऐवजी स्मार्ट प्रिव्ह्यूवर संपादन करण्याचा पर्याय चालू करावा. प्रोसेसरला २४ मेगापिक्सेलऐवजी सुमारे चार मेगापिक्सेलचे चित्र हाताळावे लागते, म्हणून पट्ट्या हाताबरोबर हलतात. निर्यात मूळ फाइलवरूनच होत असल्याने गुणवत्तेत काही कमी येत नाही. शार्पनिंग आणि नॉइज ठरवताना मात्र पूर्ण आकारात झूम करून पाहावे.

फोटोशॉप वापरत असाल तर त्याची स्क्रॅच डिस्क (तात्पुरत्या फाइल ठेवण्याची जागा) एसएसडीच ठेवावी आणि पेजिंग फाइल (रॅममधला मजकूर डिस्कवर टाकण्याची जागा) विंडोजच्याच मर्जीवर सोडावी. एसएसडीची झीज वाचवण्यासाठी या दोन्ही गोष्टी जुन्या डिस्कवर नेण्याचा सल्ला काही जण देतात, पण त्यामुळे ज्या कारणासाठी खर्च केला तेच हातचे जाते. कार्डावरून आयात अजूनही संथ वाटत असेल तर दोष बहुधा कार्डाचा किंवा रीडरचा असतो. यूएसबी ३ चा वेगळा कार्ड रीडर घेऊन पाहावा.

जुनी डिस्क

काढलेली डिस्क केसमध्ये घालून, वर तारखेची चिठ्ठी चिकटवून महिनाभर जशीच्या तशी ठेवावी. तिच्यावर नवे काही लिहू नये आणि फॉरमॅटही करू नये. एखादे प्रिसेट, एखादे फोल्डर किंवा जुन्या हिशेबाची फाइल राहून गेल्याचे पहिल्या तीन-चार आठवड्यांतच लक्षात येते. महिना उलटल्यावर, तिच्या प्रकृतीच्या यादीत ०५ आणि सी५ शून्यच असतील, तर ती पूर्ण झालेल्या कामांच्या दुसऱ्या प्रतीसाठी वापरता येते. पण एकमेव प्रत तिच्यावर कधीही ठेवू नये. या आकड्यांत वाढ दिसली तर आतले फोटो ग्राहकांचे आहेत हे लक्षात ठेवून तिच्यावर पूर्णपणे शून्ये लिहून घ्यावीत आणि मगच ती ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावी.